दीड वर्षाच्या लेकीसाठी खेळण्यातली शॉपिंग ट्रॉली: कोणती घेऊ?

घोडबंदरची_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. लेक दीड वर्षाची आहे, चालते छान, आता पळायलाही लागलीय. सध्या तिला ढकलायचं वेड लागलंय. धुण्याची बास्केट, प्लास्टिकचं स्टूल, आजीची खुर्ची, जे हाताला लागेल ते ढकलत घरभर फिरते. डीमार्टमध्ये गेलो की ट्रॉलीत बसायचं नसतं, खाली उतरून स्वतः ढकलायची असते.

म्हणून तिला छोटी ट्रॉली घ्यायचा विचार आहे. ऑनलाइन तीन प्रकार दिसले. एक प्लास्टिकची, सोबत फळं-भाज्या, खोट्या नोटा आणि वाजणारं बिलिंग मशीन. दुसरी तारेची, अगदी मॉलमधल्यासारखी. तिसरी लाकडी, पण ती बजेटबाहेर जाते (दीड हजारापर्यंत घ्यायची आहे). घर वन बीएचके, सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. या वयात घेणं लवकर होईल का? आणि घेताना नक्की काय बघायचं?

खोपटचा_बाबा:
तारेची नको. आमच्याकडे घडी होणारी होती. खेळता खेळता घडीच्या सांध्यात मुलाचं बोट चिमटलं, नख काळंनिळं झालं. साधी, घडी न होणारी घ्या.

नेरुळची_बालवाडीताई:
ताई, लवकर मुळीच नाही. ढकलायची हौस आहे तेव्हाच द्यायची. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते आणि आमच्या वर्गात सगळ्यात जास्त भांडणं ट्रॉलीवरून होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट तोल. एवढी मुलं ट्रॉली नुसती ढकलत नाहीत, तिच्यावर अख्खा भार टाकतात. शक्यतो दुकानात जाऊन घ्या. रिकामी ट्रॉली जमिनीवर ठेवायची आणि हँडल तळहाताने सरळ खाली दाबायचं. पुढची चाकं उचलली गेली तर ती तुमच्या लेकीच्या अंगावर उलटणार. मागच्या दोन चाकांमध्ये भरपूर अंतर हवं आणि हँडल तिच्या कोपराच्या जरा खाली यायला हवं. छातीपर्यंत आलं तर ती त्याला लोंबकळते.

हलकी ट्रॉली आवडलीच तर तळाशी वजन घाला. आमच्या वर्गातल्या ट्रॉलीच्या तळाशी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे, कापडात शिवून चिकटपट्टीने पक्का बसवलेला. तांदूळ-वाळूची पिशवी नको, ती कधीतरी फाटते आणि दाणे तोंडात जातात.

चाकांचं म्हणाल तर पुढची चाकं गोल फिरणारी असतात ती टाइल्सवर सुसाट पळतात. मूल मागे राहतं, ट्रॉली पुढे जाते आणि मूल तोंडावर पडतं. दीड वर्षाला सरळ जाणारी चाकं बरी. वळवता येत नाही म्हणून भिंतीपाशी रडारड होईल, ती होऊ दे. थोड्या दिवसांत मागचा भाग उचलून वळवायला शिकतात. प्लास्टिकचं चाक फरशीवर घसरत असेल तर सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी आणून चाकाला घट्ट चिकटवा. आवाजही कमी होतो, खालच्या मजल्यावरच्यांना बरं पडतं.

आता सामान. दीड वर्षाचं मूल खरेदी खेळत नाही. ते भरतं आणि ओततं, पुन्हा भरतं. त्यासाठी खोट्या भाज्यांचा सेट लागतच नाही. स्वयंपाकघरातला बटाटा, कच्चं केळं, टूथपेस्टचं रिकामं खोकं, तिच्याच मोज्यांची जोडी द्या. खऱ्या बटाट्याला वजन असतं, वास असतो, एखाद्यावर माती असते. प्लास्टिकच्या टोमॅटोत यातलं काही नाही.

दुकान-दुकान सुरू होतं दोन-अडीच वर्षांच्या आसपास. तेव्हा मुलं जे बघतात तेच आणतात. आमच्याकडे एक मुलगी दोन्ही तळहातांचा तराजू करून भेंडी तोलते आणि वर "कोथिंबीर टाका मावशी" म्हणून हटून बसते, कारण तिची आजी सेक्टरच्या मार्केटमध्ये तसंच करते. दुसरा मुलगा पैसे देत नाही, कपाटाच्या दारासमोर हात धरतो आणि स्वतःच आवाज काढतो, "पैसे प्राप्त झाले!" वाजणारं बिलिंग मशीन दिलं की हे बोलणं बंद होतं आणि सगळी नुसती बटणं दाबत बसतात. म्हणून माझं स्पष्ट मत, मशीनवाला सेट घेऊच नका.

जांभळीनाक्याचा_दुकानदार:
ताईंनी मशीनला नाही म्हटलंय, त्याला आणखी एक कारण जोडतो. बऱ्याच वाजणाऱ्या खेळण्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. घरात असं खेळणं असेलच तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते आजच बघा.

दुसरं, आयएसआय मार्क. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. सेल-वीज नसलेल्या साध्या खेळण्यांवर मार्कच्या वर आयएस ९८७३ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. हा नंबर बीआयएस केअर (हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ॲपवर टाकला की बनवणाऱ्याचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर घेऊ नका, ऑनलाइन असो की माझ्या दुकानात.

वाशीचे_आजोबा:
आमच्या लहानपणी लाकडी पांगुळगाडा असायचा, तोच द्यावा असं वाटतं. आणि ट्रॉलीत ठेवायला सावंतवाडीची लाकडी फळं! आंबा, सीताफळ, केळी, काय सुरेख रंगवतात. नातीसाठी मी मागवली आहेत.

नेरुळची_बालवाडीताई:
काका, पांगुळगाडा चालायला शिकणाऱ्यांसाठी. ही तर पळतेय, आता तिला त्यात काही ठेवायला हवं. सावंतवाडीची फळं मलाही फार आवडतात, पण त्यातली बरीच शोभेची असतात. ओल्या फडक्याने घासून रंग निघतो का बघा. आणि अजून सगळं तोंडात घालतेय तोवर अगदी छोटी फळं बाजूला ठेवा. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं, ते तीन वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायचं नाही.

जांभळीनाक्याचा_दुकानदार:
आणि एक. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना मार्कमधून सूट आहे. त्यामुळे अशा फळांवर आयएसआय दिसला नाही म्हणजे ती बनावट, असं नाही.

घोडबंदरची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकानात जाऊन हँडल दाबून बघितलं. जी ऑनलाइन सगळ्यात आवडली होती तिचीच पुढची चाकं पहिली उचलली गेली. साधी, रुंद चाकांची, मशीन नसलेली घेतली, मार्क आहे, नंबरही ॲपवर जुळला. सध्या बटाटे हॉलमधून बेडरूममध्ये चाललेत. एकच शंका: बाल्कनीच्या उंबरठ्यावर ट्रॉली अडते आणि ती जोर लावते. तिथे फळी टाकून उतार करू का?

नेरुळची_बालवाडीताई:
उतार अजिबात नको, त्यावरून ट्रॉली वेग घेते. शिवाय उलटी ट्रॉली म्हणजे कठड्यापाशी आयती पायरी. ट्रॉली खेळायला काढली की बाल्कनीचं दार लावून घ्या, मुख्य दाराची वरची कडीसुद्धा. आणि स्वयंपाक करताना ओट्यापाशी तिला ट्रॉली घेऊन येऊ देऊ नका, मागून टाचेवर आपटली की हातातलं गरम भांडं सुटतं.