जुन्या मिथेनॉल प्लांटमध्ये ऊर्जा वाचवायची तर पहिला हात कशाला घालायचा?

औंध_प्रोसेस: नैसर्गिक वायूवरचा नवा प्लांट टनामागे साधारण 28 ते 30 गिगाज्यूल खातो. जुने याहून बरेच जास्त घेतात आणि खुद्द मिथेनॉलमध्ये उरतात जेमतेम 20. पुण्यातल्या डिझाइन ऑफिसांतून अशा रिव्हॅम्पची, म्हणजे जुना प्लांट सुधारायची, कामं होतात, म्हणून माझं मत मांडते: आधी स्टीम-कार्बन रेशो उतरवा, म्हणजे रिफॉर्मरमध्ये (मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड बनवणारी भट्टी) मिथेनच्या रेणूमागे वाफेचे रेणू कमी द्या. 3.0 वरून 2.5 वर आलात, की टनभर मिथेनमागे सुमारे 560 किलो वाफ वाचते. तेवढी वाफ 850 अंशांपर्यंत तापवायचा गॅसही वाचतो.

भोसरीकर: मॅडम, ती वाफ वाया जात नाही हो! रिफॉर्मरमधून निघालेला ओला गॅस थंड होताना ती कंडेन्स होते आणि त्याच उष्णतेवर मिथेनॉल शुद्ध करणाऱ्या डिस्टिलेशन कॉलमचा रीबॉयलर (तळाचा द्रव उकळवणारा) चालतो. रेशो उतरवलात की कॉलम उपाशी, मग बॉयलरची लो-प्रेशर स्टीम द्या. शिवाय मिथेन स्लिप, म्हणजे रिफॉर्म न होता तसाच निघणारा मिथेन, वाढतो. तो दाबायला रिफॉर्मरच्या आउटलेटचं तापमान 20 अंश चढवलंत, तर कॅटलिस्ट भरलेल्या ट्यूबचं आयुष्य जवळपास निम्मं. कॅटलिस्टवर कार्बन धरायला लागला की भट्टीच्या पीपहोलमधून ट्यूबच्या वरच्या भागात लालभडक पट्टा दिसतो. तोवर कॅटलिस्टचं नुकसान झालेलं असतं.

आधी फ्लू गॅसमधला (भट्टीच्या धुरातला) ऑक्सिजन मोजा. भट्टीच्या शेवटी 2% आणि चिमणीत 6%, म्हणजे जादा हवा 10% वरून 40% वर गेली. ती मधे कुठेतरी शिरतेय. एअर प्रीहीटर (धुराच्या उष्णतेने बर्नरची हवा तापवणारा) गळत असेल तर चिमणीचं तापमान उलट कमी दिसतं आणि सगळे खूश होतात! म्हणून प्रीहीटरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे ऑक्सिजन बघायचा. सील बदलायला एक शटडाउन पुरतो.

कर्वेनगर_42: दोघंही मुळाला हात घालत नाही आहात. मिथेनच्या रिफॉर्मिंगमध्ये हायड्रोजन जास्त पडतो. मॉड्यूल, म्हणजे हायड्रोजनमधून कार्बन डायऑक्साइड वजा करून दोन्ही कार्बन ऑक्साइडांच्या बेरजेने भागलेलं प्रमाण, 3 च्या आसपास येतं, हवं 2. बाहेरून कार्बन डायऑक्साइड द्या: 3 मिथेन, 1 कार्बन डायऑक्साइड, 2 पाणी, यातून 4 मिथेनॉल.

भोसरीकर: शेजारी अमोनिया प्लांट असेल आणि तो वायू हवेत सोडत असेल, तर जरूर करा. फ्लू गॅसमधून अमाइनने (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाने) धरायचा म्हटलं तर टनाला साडेतीन-चार गिगाज्यूल लागतात. मिथेनॉलच्या टनाला 0.34 टन धरा, म्हणजे सव्वा गिगाज्यूल तिथेच गेलं. वर क्रूडमध्ये (शुद्ध न केलेल्या मिथेनॉलमध्ये) पाणी वाढतं, ते उकळायची उष्णता वेगळीच.

औंध_प्रोसेस: रीबॉयलरचा मुद्दा मान्य, तो हिशेब मी धरला नव्हता. पण स्लिपचा मिथेन पर्जमधून (लूपमधून बाहेर काढलेल्या वायूतून) पुन्हा बर्नरलाच जातो, तो सगळा तोटा नाही. खरा त्रास मिथेनॉल बनतं त्या लूपमध्ये होतो, कारण न बदललेला वायू परत फिरवण्याचा रिसायकल ताज्या वायूच्या 3 ते 5 पट असतो आणि सर्क्युलेटर (तो फिरवणारा कॉम्प्रेसर) तेच इनर्ट, म्हणजे तिथे काहीच न करणारा मिथेन, फिरवत बसतो. तेव्हा एकदम 2.5 नको. 0.1 ने उतरा, दर पायरीला ट्यूबचं तापमान पायरोमीटरने घ्या, रीबॉयलरचा व्हॉल्व्ह 90% उघडला की थांबा. प्रीरिफॉर्मर (मुख्य रिफॉर्मरच्या आधीचा छोटा रिॲक्टर) असेल तरच 2.5 च्या खाली जा.

भोसरीकर: आणि सील आधी.