सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर नुसता घूं घूं करतोय, टब फिरतच नाही

ऐरोलीकर:
आमच्या मशीनची कपडे धुवायची बाजू व्यवस्थित चालते पण ड्रायरचा टायमर फिरवला की खालून फक्त घूं असा आवाज येतो आणि टब जागचा हलत नाही, एखाद वेळी कसाबसा अर्धा गोल फिरतो आणि अडकतो. झाकण नीट लावलंय, टब रिकामा ठेवूनही बघितला, तेच. या पावसात बाल्कनीत काही वाळत नाही आणि घरात तान्हं बाळ आहे, लंगोट-दुपट्यांचा ढीग साठलाय. मेकॅनिक फोनवरच म्हणाला मोटर गेली, नवीन टाकू. न बघता कसं कळलं? काय चेक करू प्लीज सांगा

कोपरखैरणे_वायरमन:
मोटर बदलायची घाई अजिबात करू नका. घूं आवाज येतोय म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचतोय, म्हणजे टायमर आणि झाकणाचा स्विच दोन्ही चालू आहेत, ते गेले असते तर आवाजच आला नसता. बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा, चार्ज साठवणारा छोटा पार्ट) वीक झालेला असतो. या मोटरमध्ये दोन वाइंडिंग म्हणजे तारेच्या गुंडाळ्या असतात, त्यातल्या एकीला कपॅसिटरमधून सप्लाय जातो आणि त्यामुळेच सुरुवातीचा झटका मिळतो, तो नाही मिळाला की मोटर नुसती गुणगुणते. बऱ्याच मशीनला वॉश आणि स्पिन दोन्हीचा मिळून एकच डबल कपॅसिटर असतो, त्यातला स्पिनचा भाग गेला तरी वॉश मस्त चालतं. नवीन घेताना जुन्यावरचा एमएफडी (मायक्रोफॅरड, म्हणजे कपॅसिटरची क्षमता) आकडा बघून तोच घ्या, व्होल्ट 440 चे. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि मुख्य म्हणजे आवाज येतोय म्हणून बटण चालू ठेवून वाट बघत बसू नका, अडकलेली मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग जळालं की मग मात्र खरंच मोटरचा खर्च.

घोडबंदर_ताई:
वायरमन दादांचं बरोबर आहे पण कपॅसिटर आणायच्या आधी टब मोकळा फिरतो का ते बघा ना. आमच्याकडे बाळाचा पायमोजा टबच्या कडेवरून खाली जाऊन शाफ्टला गुंडाळला होता, आवाज अगदी असाच. म्हणून कपडे भरल्यावर वरची प्लास्टिकची जाळी दाबून बसवायचीच. आणि प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नका हं

कोपरखैरणे_वायरमन:
ताईंचा मुद्दा एकदम बरोबर. फक्त एक, झाकण उघडं ठेवून टब हाताने फिरवू नका, कारण झाकण उघडलं की ब्रेक लागतो, मग टब जड लागणारच आणि तुम्हाला वाटेल जॅम झालाय. प्लग काढा, मागचं कव्हर खोला, झाकण बंद ठेवा आणि खालून मोटरच्या वरचा ब्रेकचा ड्रम हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला तर कपॅसिटर. जड असेल तर ब्रेक, नाहीतर टबखालचं रबरी सील लीक होऊन मोटरवर पाणी पडलंय आणि बेअरिंग गंजलंय, पाण्याचे ओघळ दिसतील. कपॅसिटरच्या पिनांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

ऐरोलीकर:
बघितलं. झाकण बंद असूनही ड्रम जाम, ओघळ वगैरे काही नाही, सगळं कोरडं. पण झाकणाकडून खाली येणारी एक वायर सैल लोंबतेय आणि ब्रेकचा पट्टा ड्रमला घट्ट चिकटलेला आहे, वायर हाताने ओढली की ड्रम लगेच मोकळा फिरतो!

कोपरखैरणे_वायरमन:
सापडलं मग. झाकण बंद केलं की ती वायर ताणली जाऊन ब्रेक सुटायला पाहिजे, ती सैल पडली म्हणून ब्रेक लागलेलाच राहतो आणि मोटर बिचारी जोर लावत बसते. जिथे अडकवलीय तिथे एक घर पुढे घ्या, गंजली असेल तर सरळ नवीन ब्रेक वायर टाका, स्वस्त पार्ट आहे, कुठल्याही वॉशिंग मशीन स्पेअरच्या दुकानात मिळतो. पण जास्त ताणू नका, मग ब्रेक लागणारच नाही.

घोडबंदर_ताई:
हो आणि बसवल्यावर एकदा रिकामा टब चालू करून झाकण उघडून बघा, टब पटकन थांबला पाहिजे. तो थांबत नाही तोवर मशीन वापरू नका, घरात लहान मूल आहे.