खिशातला मोबाईल आणि शुक्राणू : कितपत घाबरायचं?

वाटसरू : धाकट्या भावाच्या लग्नाला तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं सगळ्या तपासण्या आणि गोळ्या भावजयीलाच. शेवटी मीच मागे लागून त्याची तपासणी करवली. शुक्राणू ९ मिलियन प्रति मिलि. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १६ आहे. तो ट्रक चालवतो, फोन दिवसभर पॅन्टच्या पुढच्या खिशात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २००८च्या अभ्यासात ३६१ पुरुष होते. दिवसाला चार तासांहून जास्त फोन वापरणाऱ्यांचे शुक्राणू सर्वांत कमी आणि मंद. माझं स्पष्ट मत आहे, फोनच्या खोक्यावर ठळक इशारा हवा.

मुक्ता : हे पटत नाही. ते सगळे वंध्यत्वाच्या उपचारालाच आलेले पुरुष होते. २०२३चा स्वित्झर्लंडचा अभ्यास बघा, १८ ते २२ वयाचे २,८८६ तरुण. फोन खिशात ठेवणाऱ्यांत वेगळं काही दिसलं नाही. शिवाय फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीरात शोषली जावी, यावर आपल्याकडे २०१२पासून १.६ वॅट प्रति किलोची मर्यादा आहे.

वाटसरू : त्याच अभ्यासात दिवसाला वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांच्या शुक्राणूंची संख्या ४४.५ मिलियन प्रति मिलि आणि आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांची ५६.५ आहे, तेही सांगा. आणि मर्यादा ठरली ती लहरींनी ऊतक किती तापतं यावरून. पेशीत दुसरं काही होत असेल तर?

मुक्ता : सांगते की. हा फरक टूजीच्या काळात जास्त होता, फोरजी येईपर्यंत ओसरला. पण माझी काळजी वेगळी आहे. फोन खिशातून काढला की भाऊ निश्चिंत होईल आणि व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, तपासायच्या राहतील. तंबाखूचं कोण विचारणार?

काचपट्टी : मी वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये काम करते. क्लीव्हलँडच्याच २००९च्या प्रयोगात ३२ जणांच्या नमुन्यांपासून अडीच सेंटीमीटरवर तासभर चालू फोन ठेवला होता. शुक्राणूंची हालचाल मंदावली, घातक ऑक्सिजन-रेणू वाढले. डीएनए मात्र तुटला नाही. पण डबीतल्या नमुन्याला ना कातडी, ना रक्तपुरवठा. शरीरातही तसंच होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

उष्णतेचं मात्र पक्कं आहे. वृषणं शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड लागतात. २००५मध्ये २९ तरुणांनी तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवला, तर तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त चढलं. ट्रकमध्ये दहा-दहा तास बसणं मला फोनपेक्षा जास्त खटकतं.

आणि एकाच रिपोर्टवर जाऊ नका. माणसं डबी रुमालात गुंडाळून, मान खाली घालून येतात. घरून आणायला तासाहून उशीर झाला की हालचाल मंद दिसते. थोडं डबीबाहेर सांडलं तर लाजेपोटी सांगत नाहीत, आणि आकडा कमी येतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मधल्या काळात त्याला मोठा ताप आला होता का?

वाटसरू : दिवाळीनंतर टायफॉइड झाला होता, आठ दिवस १०३ ताप. नमुना दिला जानेवारीत. हे आम्हाला कुणी विचारलंच नाही.

काचपट्टी : मग ताप उतरल्यापासून तीन महिने झाल्यावर पुन्हा द्या. आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून, आणि लॅबमध्येच.

मुक्ता : आणि त्याआधी व्हेरिकोसीलसाठी एकदा डॉक्टरांना दाखवा.

वाटसरू : दोन्ही करतो. इशाऱ्याचा मुद्दा मी सोडलेला नाही. फोन आजपासून डॅशबोर्डवर. भावजयीला मात्र आज रात्रीच फोन करून सांगतो, तिच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी पुन्हा बोलून घे म्हणून.