बारशाची यादी मोबाईलवरून पाठवावी का?

साताऱ्याची_आजी:
लेकीला मुलगा झाला. सव्वा महिन्याने पुण्यात बारसं आहे. लेक-जावयांनी अ‍ॅमेझॉनच्या ॲपवर यादी केलीय, विशलिस्ट म्हणतात तिला. दुपटी, थर्मामीटर, आंघोळीचा टब, अशा २३ वस्तू. आणि आता त्याची लिंक म्हणे आमच्या ६० जणांच्या ग्रुपवर टाकणार! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात आहेर मागत नाहीत. पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापायचं आणि आलेला निमूट ठेवून घ्यायचा, अशी रीत.

पण तिचंही चुकत नाही. थोरल्या नातीच्या बारशाला चांदीच्या ७ वाट्या आणि झिरो साईझची १९ झबली आली. दोन महिन्यांत एकही अंगात शिरेना. वाट्या अजून लॉकरात आहेत.

यादी असावी पण ओशाळं वाटू नये, असं काही जमतं का? शिवाय मिरजेची माझी ताई ७४ वर्षांची, तिच्याकडे बटणांचा फोन. तिचं काय करायचं?

दोन_लेकींचा_बाप:
आजी, आधी लेकीला विचारा, यादी पब्लिक आहे की शेअर्ड? पब्लिक असेल तर परक्यांनाही सापडू शकते. शेअर्ड असली की लिंक असेल त्यालाच दिसते. अर्थात लिंक पुढे ढकलायला कितीसा वेळ लागतो! पाठवताना 'फक्त बघा' की 'बघा आणि बदला' हेही निवडता येतं. 'फक्त बघा'च ठेवा, नाहीतर एखादा काका यादीत मिक्सर घालतो. आमच्याकडे घातला होता.

खरी गोम वेगळीच. कुणी तुळशीबागेतून दुपटी आणली तर ते ॲपला कळायचं कसं? वस्तू यादीत तशीच राहते आणि दुसराही तीच घेतो. म्हणून धाकटीच्या वेळी आम्ही साधी गुगल शीट केली. वस्तूपुढे आणणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं. गंमत जाते, पण १९ झबली येत नाहीत.

वहीवाली_मावशी:
लाजायचं काय त्यात? लग्नात मांडवात वही घेऊन बसायचे ना, कुणी किती आहेर केला ते लिहायला? ती यादी नंतरची, ही आधीची. फक्त ग्रुपवर टाकू नका. "काय आणू गं?" असं जो फोन करून विचारेल, त्यालाच लिंक द्या. आणि २०० रुपयांच्या वस्तूही असू द्या यादीत. आमच्या भाचीनं नुसती स्ट्रोलर आणि कारसीट घातली होती, लोक बिचकले.

साताऱ्याची_आजी:
शीट झाली. लिंक विचारेल त्यालाच. लेक थोडी फुगली, पण ऐकलं. टोपरी, लंगोट, नखं कापायची कात्री, असं स्वस्तातलं मीच सांगून घालून घेतलं.

ताईला फोन करून सगळी यादी वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "यात गोधडी कुठाय?" नव्हतीच. तिनं तर आईच्या जुन्या नऊवारीची अर्धी शिवूनही टाकलीय. लेकीनं शेवटी आणखी एक ओळ घातली, गोधडी, आणि पुढे लिहिलं, मिरजेची मावशी. ताईचा निरोप आहे, मला ते मोबाईलचं शिकवायला मात्र कुणी येऊ नका.