लिनक्सवर यूएसबी स्कॅनर भरवशाचा नाही: एक पान येतं, पुढच्याला अडतो

वहीतली_शाई

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या रोजनिश्या माझ्याकडे आहेत, एकूण 31 वह्या. शाईच्या पेनाने लिहिलेल्या, आणि कागद इतका वाळलाय की पान उलटताना कडेचा भुगा काचेवर पडतो. त्या मी स्कॅन करायला घेतल्यात आणि तिसऱ्या वहीतच अडकून बसलेय.

स्कॅनर सपाट काचेचा, पातळ, वेगळा अडॅप्टर नसलेला; वीज यूएसबीतूनच घेतो. लॅपटॉपवर डेबियन आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीय: एंटर दाबलं की स्कॅनइमेज (टर्मिनलवरून स्कॅन घेणारी कमांड) चालतं आणि पान फाइलमध्ये जातं.

कधी तीन-चार पानं सुरळीत येतात, कधी पहिल्यालाच गाडी अडते. दिवा दोन बोटं पुढे सरकतो, कट् असा आवाज होतो आणि तो तिथेच जळत राहतो. टर्मिनलवर 'एरर ड्युरिंग डिव्हाइस आय/ओ'. कधी तर दिवा लागतही नाही, नुसतं 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं. केबल काढून घातली की कधी चालू होतो, कधी नाही.

करून पाहिलेलं: सेनची, म्हणजे लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, सगळी पॅकेजेस काढून पुन्हा टाकली. एक्ससेन आणि सिंपल-स्कॅन दोन्ही वापरले, तीच तऱ्हा. सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवलं, तरी तेच. सेन-फाइंड-स्कॅनरला तो दिसतो, पण स्कॅनइमेजची यादी मागितली की कधी दिसतो, कधी नाही.

प्रत्येक फसलेल्या स्कॅनला वही पुन्हा पालथी घालून दाबावी लागते आणि शिवण उसवत जाते. त्यामुळे 'पुन्हा पुन्हा प्रयत्न करा' हे मला परवडणारं नाही. कुठून सुरुवात करू?

कर्नलची_कुजबुज

ताई, आधी वही बाजूला ठेवा. दुरुस्ती होईपर्यंत काच रिकामीच राहू द्या, चाचणीला वही लागत नाही.

सुडोनेही तेच होतंय म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही, तो विषय संपला. सेन-फाइंड-स्कॅनर फक्त यूएसबीवर स्कॅनरसारखं काही बसलंय का एवढंच बघतो, बॅकएंडशी, म्हणजे सेनमधल्या स्कॅनरच्या ड्रायव्हरशी, त्याला देणंघेणं नाही. स्कॅनइमेजच्या यादीत यायचं तर बॅकएंडला स्कॅनरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं. तुमचा स्कॅनर यादीत अधूनमधून येतो, म्हणजे ड्रायव्हर आहे आणि बरोबर आहे. बोलणं मधेच तुटतंय. म्हणून पॅकेजेस पुन्हा टाकून फरक पडला नाही.

आता दुसऱ्या खिडकीत जर्नलसीटीएल लावा, के आणि एफ हे दोन पर्याय देऊन, म्हणजे कर्नलचा, लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग डोळ्यांसमोर सरकत राहील. मग स्कॅन घ्या आणि अडकल्या क्षणी कोणती ओळ उमटते ते इथे लिहा. विशेष लक्ष उपकरणाच्या क्रमांकाकडे. क्रमांक तोच राहून 'रीसेट' येत असेल तर एक गोष्ट. 'डिस्कनेक्ट' येऊन नवा क्रमांक मिळत असेल तर स्कॅनर खरोखर तुटून पुन्हा जोडला जातोय, ती वेगळी गोष्ट.

आणि स्कॅनर हबवर आहे का? ते तुम्ही लिहिलेलं नाही.

वहीतली_शाई

हो, हबवर आहे. माउस, पेनड्राइव्ह आणि स्कॅनर एकाच हबवर, हबला स्वतःची वीज नाही. ते महत्त्वाचं असेल असं वाटलंच नव्हतं.

लॉग पाहिला. दहा मिनिटांत क्रमांक 7 चा 8 झाला, मग 9. मधे 'डिस्क्रिप्टर रीड, एरर -71' दोनदा. आणखी एक दिसलं: एकदा जोडला गेला तेव्हा 'न्यू हाय-स्पीड' होतं, पुढच्या वेळी 'न्यू फुल-स्पीड'.

कर्नलची_कुजबुज

मग अर्धं उत्तर तिथेच आहे. -71 म्हणजे प्रोटोकॉलची चूक: तारेवरून आलेलं कर्नलला नीट वाचता आलं नाही. हाय-स्पीड 480 मेगाबिटचा, फुल-स्पीड 12 चा. एकच स्कॅनर कधी यावर, कधी त्यावर येतो तेव्हा मी केबल आणि हब सोडून दुसरीकडे बघतच नाही. त्यात वीज. यूएसबी 2.0 च्या पोर्टवर एका उपकरणाला जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर मिळतात, आणि तुमच्या बिनविजेच्या हबवर तेवढेच तिघांत वाटले जातायत. दिवा लागून मोटर फिरायला लागली की मागणी वाढते; नेमका तेव्हाच तुमचा स्कॅनर दोन बोटांवर थांबतो.

हब काढा. आखूड, जाड केबलने थेट लॅपटॉपला जोडा.

'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'चंही सांगतो. स्क्रिप्टमध्ये स्कॅनरचं नाव पूर्ण लिहिलंय ना, शेवटी बसचा आणि उपकरणाचा क्रमांक असलेलं? तुटून पुन्हा जोडला की तो क्रमांक बदलतो आणि स्क्रिप्ट जुन्याच पत्त्यावर जाते. तिथे नुसतं बॅकएंडचं नाव ठेवा. त्या बॅकएंडचा एकच स्कॅनर असेल तर तेवढ्यावर भागतं.

वहीतली_शाई

पूर्ण नावच होतं, शेवटी 007. बदललं.

हब काढला आणि प्रिंटरची आखूड केबल लावली. संध्याकाळभर क्रमांक 5 च राहिला, -71 एकदाही नाही. रिकाम्या काचेवर लूप लावून लागोपाठ 20 स्कॅन घेतले, विसाच्या वीस आले. इतकं हायसं वाटलं की लगेच वही घेतली. पहिलं पान आलं. दुसरं पान हळूच उलटलं, काचेवर बसवलं, एंटर दाबलं, आणि पुन्हा तेच कट्. लॉगमध्ये या वेळी 'डिस्कनेक्ट' नाही, फक्त 'रीसेट हाय-स्पीड', क्रमांक तोच 5.

रिकाम्या काचेवर 20 आणि वहीचं एक? वजनाचा काही संबंध असू शकतो का? वही जाड आहे, मी झाकणावर हात ठेवून दाबते.

तिसरा_पोर्ट

मधेच बोलतो. वजनाचा नसावा, वेळेचा वाटतो. लूपमध्ये एक स्कॅन संपला की लगेच दुसरा. वहीचं पान उलटायला तुम्हाला अर्धं मिनिट तरी लागत असेल. रिकाम्याच काचेवर दोन स्कॅनमध्ये मिनिटभर थांबून बघा. तसाही अडकला तर ऑटोसस्पेंड, म्हणजे वापरात नसलेलं उपकरण आपोआप झोपवणं. यूएसबीकोअरचं (कर्नलच्या यूएसबी भागाचं) ऑटोसस्पेंड -1 करा, म्हणजे सगळ्याच उपकरणांचं बंद. मी तेच केलंय आणि मोकळा झालो.

वहीतली_शाई

थांबून पाहिलं. काच रिकामी, हात लांब, तरी अडकला! तीनदा केलं, तिन्हीदा.

कर्नलची_कुजबुज

तिसरा_पोर्ट यांनी नेमकं पकडलं. उपायाशी मात्र मी सहमत नाही. लॅपटॉप आहे, सगळ्यांची झोप उडवली तर बॅटरीवर येतं. शिवाय -1 हा फक्त डिफॉल्ट आहे, एखादं वीज वाचवणारं साधन चालू असेल तर त्याने ठरवलेलं तसंच राहील. एका स्कॅनरपुरतं करावं.

होतं काय ते सांगतो. कर्नल स्वतःहून बहुतेक यूएसबी उपकरणांना झोपवत नाही, हब सोडले तर. पण टीएलपीसारखं वीज वाचवणारं साधन टाकलं किंवा पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून चालवलं की ते 'पॉवर/कंट्रोल' ही नोंद 'ऑन'वरून 'ऑटो' करतं. मग कोणी वापरत नसेल तर 2 सेकंदांत, हीच डिफॉल्ट मुदत, उपकरण झोपतं. प्रोग्रॅमने उपकरण उघडून धरलेलं असेपर्यंत झोपवत नाहीत. तुमची स्क्रिप्ट दर पानाला स्कॅनइमेज नव्याने सुरू करते, पान झालं की उपकरण सोडून देते, आणि तुम्ही पान उलटताय तोवर स्कॅनर झोपलेला असतो. नीट जागं होणं काही स्कॅनरना जमतच नाही.

टीएलपी असेल तर त्याच्याच कॉन्फ फाइलमध्ये 'यूएसबी_डिनायलिस्ट'ला स्कॅनरचा आयडी द्या, एलएसयूएसबी या कमांडच्या यादीमध्ये कोलनच्या दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरं दिसतात तो. टीएलपी नसेल तर यूडेवचा (उपकरण जोडलं की लागू होणारा) नियम लिहून 'पॉवर/कंट्रोल' ऑन करा. दोन्ही एकदम नको.

आणि स्क्रिप्टच सोडून द्या असं मी म्हणेन. स्कॅनइमेजलाच 'बॅच' आणि 'बॅच-प्रॉम्प्ट' हे पर्याय आहेत. दर पानाआधी ते एंटरची वाट बघतं, कंट्रोल-डी दिलं की थांबतं, आणि तोवर उपकरण उघडंच धरून ठेवतं. सावकाश पान उलटणाऱ्या माणसासाठीच केल्यासारखं आहे ते.

उलटी_प्लग

हा धागा वाचून माझा स्कॅनर सुधारत नाही. टीएलपी नाही, हब नाही, 'पॉवर/कंट्रोल' ऑनच आहे. जोडल्यावर पहिला स्कॅन येतो, दुसरा कधीच नाही. मिनिटभर थांबा नाहीतर लगेच घ्या.

कर्नलची_कुजबुज

तुमचा आजार वेगळा. 'सेन_यूएसबी_वर्कअराउंड' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करून स्कॅनइमेज चालवा. 'जोडल्यावर एकदाच चालतो' या तक्रारीसाठीच तो ठेवलाय, सेन-यूएसबीच्या मॅन पानावर तसं लिहिलंय. ताईंना त्याची गरज नाही, त्यांचे 20 लागोपाठ आले होते.

उलटी_प्लग

चालला. पाच स्कॅन झाले, केबलला हात न लावता. मनापासून आभार.

वहीतली_शाई

टीएलपी होतं. बॅटरी लवकर उतरते म्हणून मीच कधीतरी टाकलं होतं. डिनायलिस्टमध्ये आयडी घातला, टीएलपी पुन्हा सुरू केलं, 'पॉवर/कंट्रोल' उघडून पाहिलं तर 'ऑन'. स्क्रिप्ट काढून टाकली, आता बॅच-प्रॉम्प्टच.

काल रात्री तिसरी वही पूर्ण झाली, 88 पानं, एकही पुन्हा घ्यावं लागलं नाही. एका पानाशी वाळलेलं पिंपळपान निघालं. ते सुटं करून बाजूला ठेवायला पाच-सहा मिनिटं गेली असतील. परत येऊन एंटर दाबलं आणि दिवा न अडखळता शेवटपर्यंत गेला. तिसरा_पोर्ट, वेळेचं तुम्ही सुचवलं नसतं तर मी अजून झाकणावरच दाब कमी-जास्त करत बसले असते.

आज चौथी घेतेय.