सल्ला हवा: बुजवलेल्या खाणीवरून किती माती वाहते, ते मोजायचं कसं?

खडीचा_खड्डा: नाशिकला विल्होळीजवळ खडीची जुनी खाण बुजवली आहे. 3 एकर, मुरमाच्या भरावावर 30 सेंमी काळी माती, उतार 1:3, लांबी 20 मीटर. मारवेल गवत पेरलंय. खाली शेजाऱ्याचं शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद न घातलेलं, त्यातला गाळ आमचाच असं तो म्हणतो. सॉफ्टवेअर की खिळे (जमिनीत सळया ठोकून त्या किती उघड्या पडल्या ते मोजायचं)? बजेट 15 हजार.

उंचावरून: ड्रोन सर्व्हे. पावसाआधी एक, नंतर एक. 15 हजारांत नाही बसणार, पण 40 लावा आणि सुटा.

मुरूममास्तर: ड्रोनला गवताचे शेंडे दिसतात, माती नाही. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर माती म्हणजे 10 घनमीटर, जवळपास 13 टन. ड्रोनची उंचीतली चूकच काही सेंटिमीटर. पुढचं तुम्हीच ठरवा.

सूत्रधार: रसल (RUSLE, पाऊस, माती, उतार असे घटक गुणून धुपेचा अंदाज देणारं सूत्र) वापरा, कागदावरही होतं. पावसाचा घटक = 79 + 0.363 × वार्षिक पाऊस. 700 मिमी धरला तर 333. मातीचा घटक त्याच एककपद्धतीतला हवा. अमेरिकन तक्त्यातला असेल तर एसआयसाठी 0.1317 ने गुणा. हे विसरलं की उत्तर साडेसात पट फुगतं. उताराला 1978 चं जुनं सूत्र नको: 1:3 ला ते 8.05 देतं, रसलचं 4.81. खडा उतार असला की जुनं सूत्र उगाच घाबरवतं.

गोदाकाठ: इगतपुरीचा पाऊस धरू नका म्हणजे झालं 😀 उतारासाठी भुवनवरचा (इस्रोचं नकाशांचं संकेतस्थळ) 30 मीटरच्या चौकोनांचा उंचीचा नकाशा फुकट मिळतो.

मुरूममास्तर: 3 एकरात 30 मीटरचे चौकोन बसतात जेमतेम 13. टेप आणि पाण्याची नळी घ्या, तासाभरात उतार निघेल. आणि रसल फक्त सगळीकडून पातळ थराने होणारी धूप आणि बारीक चऱ्या धरतं. मोठी घळ पडली तर ती हिशेबात नाही. वाटेत साचलेला गाळही वजा होत नाही. शेजाऱ्याच्या तळ्यात किती गेलं हे त्यातून कळणारच नाही.

लोखंडी: खिळेच. 8 मिमी सळई, 30 तुकडे, वरून वायसर. पण नव्या भरावात सळई वरच्या जमिनीपेक्षा जास्त खचली तर धूप कमी दिसते. सळई खालच्या खडकात टेकली असेल तर उलटं, जमीन खचली की ती धूप वाटते. शेजारी ताडपत्रीने झाकलेला एक तुकडा ठेवा, तिथलं खचणं वजा करा. काळी माती ओली की फुगते, म्हणून वाचन मे महिन्यात आणि पुढच्या मे महिन्यात. ऑगस्टचं वाचन मातीमोल.

उंचावरून: म्हणून म्हटलं, ड्रोन.

वाळाप्रेमी: मोजण्यापेक्षा वाळा लावा. डंपरने दाबलेल्या मुरमात पाणी मुरत नाही, वरची काळी माती ताटातल्या पिठल्यासारखी घसरते. माती टाकण्याआधी रिपर (घट्ट जमीन खोल फोडणारं अवजार) मारला होता का?

सूत्रधार: विषय मोजण्याचा आहे.

वाळाप्रेमी: घसरली की मोजायला राहणार काय?

पन्हळ: बाहेर पडणाऱ्या नाल्यावर 90 अंशाचा व्ही-नॉच (पाणी मोजायला व्ही आकाराची खाच कापलेला पत्रा) बसवा. पत्रा सातपूरला कापून मिळेल. 30 सेंमी पाणी चढलं की सेकंदाला सुमारे 68 लिटर. प्रत्येक सरीत 1 लिटरच्या बाटल्या भरा: पाणी चढताना तीन, उतरताना तीन. गाळून 105 अंशांवर वाळवा, वजन करा. चढत्या पाण्यात गाळ जास्त असतो. फक्त उतरतीचं भरलंत तर हिशेब शेजाऱ्याला पटणार नाही. नॉचमागे गाळ साचला की वाचन चुकतं, प्रत्येक सरीनंतर उपसा.

गोदाकाठ: सर पडते रात्री दोनला. बाटल्या कोण भरणार?

खडीचा_खड्डा: सगळ्यांचे आभार. रिपर मारला नव्हता, आता उशीर झाला. खिळे, नॉच, ड्रोन काहीच नको. थेट तळं मोजतो. शेजारी तयार आहे. मेमध्ये तळ कोरडा असतो, 2 मीटरच्या चौकटीत पातळ्या घेतो, पुढच्या मेमध्ये पुन्हा.

लोखंडी: त्या तळ्यात त्याच्या शेताचीही माती येते. ती कुणाच्या नावावर?

खडीचा_खड्डा: त्याच्या बाजूने येणारी चारी बांध घालून वळवायला तो कबूल झालाय.

मुरूममास्तर: लिहून घ्या. आणि पुढच्या मेमध्ये वरचा गाळ भेगाळलेला असेल. पातळी मोजायच्या पट्टीची टोकदार बाजू भेगेत जाते, तळाशी 15 सेंमीची चकती वेल्ड करा. गाळाची घनता वेगळी काढा, भरावाची लावू नका.

उंचावरून: कोरडं तळं ड्रोनने दहा मिनिटांत होईल हं.