‘ऐ मेरे वतन के लोगो’: धीर देणारं गाणं की शोकगीत?

पेटीवाले, शहापूर
१५ ऑगस्ट जवळ आला की बेळगाव-खानापूरच्या शाळांत या गाण्याची तालीम सुरू होते आणि निवेदकाच्या कागदावर तेच वाक्य असतं: ‘या गाण्यानं युद्धात खचलेल्या जवानांना लढायचं बळ दिलं.’ तारखा बघा की जरा. लढाई २० ऑक्टोबर १९६२ ला पेटली, २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी केली. गाणं दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाईंनी म्हटलं ते २७ जानेवारी १९६३ ला. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू. शब्द कवी प्रदीपांचे, चाल सी. रामचंद्रांची. लढाई संपून दोन महिने झाले होते, मग बळ कुणाला दिलं? हे सरळ शोकगीत आहे. त्याला ताशा लावून, लय वाढवून आपण त्याचं संचलनगीत करतो आणि मग मुलांकडून ते पेलत नाही.

खानापूरकर
तारखा बरोबर, निष्कर्ष चूक. लढाई थांबली म्हणून माणसं सावरली असं होतं काय ओ? २६ ऑक्टोबरला लागलेली आणीबाणी जानेवारीत तशीच होती. संरक्षणमंत्री बदलून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले होते. घरोघरी राष्ट्रीय संरक्षण निधीला सोनं निघत होतं. हरल्याची शरम होती आणि ती बोलायची कशी हे कुणालाच कळत नव्हतं. या गाण्यानं ‘हरलो’ हा शब्द बाजूला ठेवून ‘कोण कसं मेलं’ ते सांगितलं. लडाखमधल्या रेझांग ला इथं १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग आणि त्यांची तुकडी पडली, त्या बातमीतून प्रदीपांना गाणं सुचलं असं सांगतात. दिवाळीत घराघरांत दिवे आणि तिकडं गोळ्या, ही त्यातली जोडी काव्यासाठी रचलेली नाही, त्या वर्षी दिवाळी खरंच युद्ध चालू असताना आली होती. रडू येणं आणि धीर येणं ही दोन वेगळी खाती नव्हेत.

शिवाय त्याचा हिशोबातही उपयोग आहे. प्रदीपांनी मानधन युद्धविधवांच्या निधीला दिलं होतं. थकलेल्या रकमेपोटी १० लाख रुपये भरायला मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली रेकॉर्ड कंपनीला सांगितलं.

डफ-तुणतुणं, निपाणी
तुम्ही दोघंही ऐकणाऱ्यांबद्दल बोलताय. धीर येतो तो तोंड उघडल्यावर. त्याच प्रदीपांचं १९४३ च्या ‘किस्मत’मधलं ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ घ्या. शत्रू म्हणून जर्मन-जपानी यांची नावं घातली, म्हणून इंग्रजांच्या सेन्सॉरच्या चाळणीतून सुटलं. लोकांना मात्र कुणाला दूर हटवायचं ते बरोबर कळलं. ऐन संकटात चाललेलं गाणं हे. आणि आपल्या भागात तर अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड, म्हणजे शाहिरी लावणी, आहे. बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं शाहिराच्या तोंडून यायची आणि झीलकरी, म्हणजे मागं साथीला गाणारे, ‘जी जी’ म्हणत उचलून धरायचे. १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेल्यानंतर इथल्या माणसाला उभं ठेवलं ते असल्या गाण्यांनी, सहा-साडेसहा मिनिटं मान खाली घालून ऐकायच्या गाण्यानं नव्हे.

खानापूरकर
मैना हे सीमाभागाचं दुःख आहे, प्रश्न देशाच्या गाण्याचा आहे. आणि एकाच गावात दोन्ही मावतात. १९२४ ला टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तिथं कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं आणि त्याच मांडवात हुईलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडूचं गीतही झालं. कुणाचं काही बिघडलं नाही.

पेटीवाले, शहापूर
मान्य, पण माझा मुद्दा म्हणण्याचा आहे, तो सुटतोय. सुरुवातीची साद तालात नाही. तिथं एकच गळा हवा, फार तर दोन. तीस पोरं एकदम सोडली की प्रत्येकाचा श्वास वेगळ्या ठिकाणी तुटतो. ताल मुखड्यापासून, म्हणजे ध्रुवपदापासून. पट्टी ठरवताना मुखड्यावरून ठरवू नका, अंतऱ्यातला (कडव्यातला) सगळ्यात उंच सूर आधी शोधा, संचातल्या सगळ्यात कच्च्या गळ्याला तो न किंचाळता लागेल इतकी पट्टी खाली आणा. मोठ्या मुलींना काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा, बहुधा चालते. आवाज फुटलेल्या नववी-दहावीच्या पोरांना ती नाहीच, त्यांना काळी एकच्या आसपास ठेवा. तयार ट्रॅक बाईंच्या पट्टीत असतो. तो मोबाइलवर चार-पाच स्वर खाली ओढला की व्हायोलिनं घोगरी होतात. त्यापेक्षा एक पेटी आणि तबला पुरे.

दुसरी चूक कापाकापीची. चार मिनिटं मिळाली म्हणून शेवटची कडवी उडवतात. पण रक्तानं माखलेला जवान पुन्हा बंदूक उचलतो आणि शेवटी निरोप घेतो, तो प्रसंग तिथंच आहे. तो काढल्यावर शेवटचा जयघोष कशावर उभा राहणार? कापायचं तर मधलं एखादं कडवं कापा. फक्त ‘मराठा’ शब्द असलेलं ठेवा, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या गावात तिथं टाळी पडतेच. त्या टाळीनं लय पळते हे तबलजीला आधी बजावून ठेवा.

साउंडवाला, कॅम्प
लय नेहमी तबलजीमुळेच बिघडत नाही. मैदानाच्या टोकाला, समजा ७० मीटरवर, भोंगा बांधला की त्याचा आवाज मुलांपर्यंत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यानं उशिरा येतो. मिनिटाला ८० मात्रा धरल्या तर हा पाव मात्रेपेक्षा जास्त उशीर. पोरं भोंग्याच्या मागं जातात, पेटी पुढं राहते. पेटी मुलांच्या शेजारी ठेवा, एक छोटा बॉक्स त्यांच्याकडं तोंड करून हळू आवाजात लावा, मोठे बॉक्स माइकच्या रेषेच्या पुढं. नाहीतर शिट्टी वाजणार.

डफ-तुणतुणं, निपाणी
एवढी सगळी यातायात एका गाण्याला! डफाला वायर लागत नाही.

पेटीवाले, शहापूर
ऑगस्टच्या पावसात तुमचा डफ बोलतो काय? कातडं ओलं झालं की ‘धब्ब’.

डफ-तुणतुणं, निपाणी
बोलतो, शेकायचं कळलं तर. कागद किंवा गवताच्या जाळावर वीतभर उंच धरून फिरवत राहायचं, बोटानं टिचकी मारून कडक सूर आला की बाजूला. एका जागी थांबलात तर कातडं तडकतं. कार्यक्रम लांबणार असेल तर दोन डफ घ्या, एक वाजेपर्यंत दुसरा शेकत ठेवा. फायबरचा डफ उतरत नाही, पण पत्र्यासारखा वाजतो. तुणतुण्याची तार शाहिराच्या सा ला, झीलकरी तीन तरी हवेत, दोघांचा श्वास एकदम संपतो. हे जमलं तर माइक बंद पडला तरी गाणं बंद पडत नाही, लोकच म्हणतात. लताबाईंचं गाणं लोक म्हणत नाहीत, ऐकतात. हा फरक तुम्ही अजून खोडलेला नाही.

खानापूरकर
शेवटचा जयघोष समूहानंच म्हणायचा असतो, तेवढं विसरलात. ‘जय हिंद’ला सगळं मैदान तोंड उघडतं. फक्त निवेदकानं त्याआधी ‘जोरात म्हणा’ असं ओरडू नये.